देवाशी घरच्या भाषेत बोला

रविवारी उपासना सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर बायका मला गाठतात. वय झालं की माणसं आपल्याला मनातलं सांगू लागतात. त्यातलं एक बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. "बाई, प्रार्थना चुकवत नाही. दशांश देते. मुलांना शब्बाथशाळेत पाठवते. पण देव जवळचा वाटत नाही हो." हे सांगताना आवाज खाली जातो. जणू काही चोरीच कबूल करताहेत.

तुमचंही असंच होत असेल, तर आधी मनावरचं ओझं उतरवा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जिला देव हवा असतो तिलाच त्याचा दुरावा टोचतो.

मी त्यांना उलट एक विचारते. "प्रार्थनेत तुम्ही बोलता काय?" मग त्या सांगतात. हे कृपावंता, दयासागरा, सर्वसमर्थ परमेश्वरा. शब्द चांगलेच आहेत. पाळकसाहेब मंडळीपुढे उभे राहून असं बोलतात ते शोभतंही. पण त्याच बाईच्या घरी नवऱ्याची नोकरी गेलेली असते. मोटारसायकलचा हप्ता थकलेला असतो. मुलगी बापाशी महिनाभर बोललेली नसते. यातलं एक अक्षर प्रार्थनेत येत नाही. "हे देवाला कसं सांगायचं?" असं त्या मलाच विचारतात.

मग जवळीक वाटणार कशी? ज्या बहिणीला आपण फक्त ठेवणीतलं बोलतो, ती बहीण तरी जवळची राहते का?

माझी आई नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढली. शाळा दोन-तीन यत्ता. ती भाकरी थापताना प्रार्थना करायची. डोळे उघडे, हात पिठात. "बापा, आज पीठ कमी आहे. पोरांना पुरव. मला अर्धी चालंल." मग भाकरी तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायची आणि पुढचं सांगायची. धाकट्याला खोकला आहे. शेजारीण रात्री रडत होती, तिच्याकडे बघ. भाकरी उलटली की आमेन. मी लहानपणी विचारलं, "आई, तू कुणाशी बोलतेस?" ती म्हणाली, "घरात कोण आहे त्याच्याशी."

मी पुढे शिक्षिका झाले. पुष्कळ प्रवचनं ऐकली, शिबिरं केली. पण देवाशी कसं बोलावं हे मी त्या चुलीपुढेच शिकले.

आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांना हे नवं वाटायला नको. फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्रज, १५७९ साली गोव्याला आले. इथल्या लोकांची भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. ओवीत, इथल्या माणसाच्या कानाला सवय असलेल्या चालीत. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग रचले आणि त्यात येशूला माय म्हणून हाक मारली. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून आपण गातो त्यातली बरीच गीतं त्यांचीच आहेत. एवढ्या विद्वान माणसांना देवाशी आपल्या मातीतलं बोलावंसं वाटलं, तर तुम्ही का कचरता?

पंडिता रमाबाईंचं तर मला वारंवार आठवतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. हिंदू शास्त्रं त्यांना मुखोद्गत होती, ख्रिस्ती शिकवणही त्यांनी अभ्यासली. तरी पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की पहिली सात-आठ वर्षं ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. रमाबाईंना हे लिहायला संकोच वाटला नाही. तुम्हीही देवाला असंच सांगू शकता. "मला तुझ्याविषयी माहिती आहे, पण तुझी ओळख नाही." सुरुवातीला याहून खरी प्रार्थना मला माहीत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

एक वेळ ठरवा. दहा मिनिटं पुरतात. दहा जमत नसतील तर पाच. एक तासाचा संकल्प करू नका. तो चौथ्या दिवशी मोडतो आणि मग आठवडाभर तोंड लपवावंसं वाटतं. नळाला पाणी यायच्या आधीची वेळ बरी. किंवा मुलं शाळेत गेली की लगेच, झाडू हातात घेण्याआधी. रात्रपाळी असेल तर घरी आल्यावर. एकदा येशूनं पहाट व्हायच्या आधी उठून एकांतात जाऊन प्रार्थना केली, असं मार्क सांगतो. आदल्या संध्याकाळी सगळं गाव त्याच्या दाराशी लोटलं होतं. थकलेला असणारच. तरी गेला. आपल्या दाराशी निदान सगळं गाव नसतं.

एक जागा ठरवा. येशूनं खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितलं. मला ठाऊक आहे, तुमच्यातल्या कित्येकींना अशी खोलीच नाही. एका खोलीत सहा माणसं, टीव्ही चालू. मग काय करायचं? गच्ची आहे. जिना आहे. काहींना बसच्या खिडकीजवळची जागा पुरते. इंग्लंडमधले धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांची आई सुझाना, हिला एकोणीस मुलं झाली. ती म्हणे एप्रन डोक्यावर ओढून घ्यायची, आणि मुलांना कळायचं की आता आईला हाक मारायची नाही. तुमच्याकडे पदर आहे, ओढणी आहे. मी स्वतः स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल टाकून बसते. चहाचं आधण ठेवते आणि उकळी येईपर्यंत काही मागत नाही, फक्त बसते.

मोबाईल दुसरीकडे ठेवा. मोबाईलवर शास्त्र वाचायचं असलं तरी वाचून झालं की पालथा करा. सकाळी सकाळी वचनाची फुलं-पक्ष्यांची चित्रं वीस जणांना पुढे पाठवली म्हणजे आपली प्रार्थना झाली, असं नकळत वाटू लागतं. मलाही वाटू लागलं होतं.

आणि बसल्यावर आधी एक खरी गोष्ट सांगा. आज जी असेल ती. "मला सासूबाईंचा राग आला आहे." "मला पैशाची भीती वाटते." "मला तुझ्याशी बोलावंसं वाटत नाहीये." हो, हेही सांगा. तो रागावणार नाही.

शमुवेलाच्या पुस्तकात हन्ना आहे. मूल नव्हतं. सवत टोचून बोलायची. एकदा ती मंदिरात जाऊन इतकी कळवळून प्रार्थना करत होती की नुसते ओठ हलत होते, आवाज नाही. एली याजकाला वाटलं, बाई दारू पिऊन आली. याजकाचं चुकलं, देवाचं नाही. तिनं सांगितलं, मी माझं मन ओतते आहे. पुढचं लक्षात घ्या. ती उठली, जेवली आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही. मूल व्हायला अजून अवकाश होता. अजून काहीच मिळालं नव्हतं. फक्त कुणीतरी ऐकलं होतं. ते मन ओतणं मला हवं आहे तुमच्याकडून. शब्द जुळले नाहीत तर नुसते ओठ हलू द्या.

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. आपण तेविसावं पाठ करतो आणि थांबतो. पण त्यात कितीतरी स्तोत्रं विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं उघडून बघा. ते अंधारातच संपतं. शेवटी दिलासा नाही, आभार नाहीत. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. एवढं कडू बोलणं देवानं आपल्या पुस्तकात राहू दिलं. मग तुमचं चार ओळींचं गाऱ्हाणं त्याला जड होईल का?

बोलून झालं की ऐका. ऐकणं म्हणजे कानात आवाज येणं नव्हे. तसा आवाज येतो म्हणून सांगणाऱ्यांच्या नादी उगीच लागू नका. आपल्यासाठी ऐकायची साधी जागा शुभवर्तमान आहे. मार्कापासून सुरुवात करा. चौघांत तेच सगळ्यात लहान, सोळाच अध्याय. रोज एक प्रसंग वाचा, अध्याय संपवायची घाई नको. मोठ्यानं वाचा, कानावर पडू द्या. मग एवढंच विचारा: इथे येशू कसा वागला? तो कुणापाशी थांबला, कुणाला हात लावला, कुणावर चिडला? महिना-दोन महिन्यांत त्याचा स्वभाव कळू लागतो. स्वभाव कळला की माणूस ओळखीचा होतो.

डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ आजचा संदेश मानायची, हे करू नका. घरी आलेल्या पत्रातली मधलीच एक ओळ वाचून कुणी निर्णय घेतं का?

वाचता येत नसेल तर लाजू नका. नातवाला वाचायला सांगा, त्याचंही भलं होईल. रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदनात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं. साध्या बाईला समजेल अशी भाषा हवी, हा त्यांचा ध्यास होता. त्यांचं निधन १९२२ साली झालं, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली निघालं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी कमी शिकलेल्या बाईसाठी खर्ची घातली. तेव्हा शास्त्र आपल्यासाठी नाही असं कुणीच म्हणू नये.

आता जे सांगते ते मला स्वतःला जड गेलं होतं.

माझ्या थोरल्या जाऊबाई आणि मी तीन वर्षं बोलत नव्हतो. कारण सासूबाईंच्या पाटल्या. कुणाला काय मिळायला हवं होतं ते आता उगाळत नाही. त्या तीन वर्षांत मी प्रार्थना एक दिवस चुकवली नाही. चर्चमध्ये गायले, प्रभुभोजन घेतलं. पण घरी डोळे मिटले की जाऊबाईंचा चेहरा समोर यायचा आणि मी मनात त्यांच्याशी भांडू लागायची. आमेन म्हणताना लक्षात यायचं की सगळा वेळ भांडणातच गेला. मला वाटायचं, माझी भक्ती कमी पडते. म्हणून मी वेळ वाढवला. पहाटे उठू लागले. उपास धरले. काही फरक पडला नाही.

डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं याचा इलाज सांगितला आहे. वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. ते वचन मी मुलांना पाठ करायला लावलं होतं. स्वतः मात्र बाजूनं जात राहिले.

शेवटी एका दुपारी गेले. छातीत धडधड होत होती. जाऊबाई ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. मला बघून त्यांनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. मी सगळं भाषण तयार करून गेले होते, त्यातला एक शब्द आठवेना. मी म्हटलं, "माझं चुकलं." त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं समोरच्या जुडीतली अर्धी काढली आणि माझ्याकडे सरकवली. मी बसले. दोघींनी मिळून मेथी निवडली. पिवळी पानं एका बाजूला, दांड्या एका बाजूला. निघताना त्यांनी निवडलेल्यातली थोडी मेथी मला बांधून दिली.

पाटल्या त्यांच्याकडेच राहिल्या. त्या रात्री मी प्रार्थनेला बसले आणि खूप दिवसांनी कुणीतरी समोर आहे असं वाटलं.

म्हणून विचारते. तुमची मेथीची जुडी कुणाच्या ओट्यावर आहे? माणूस गेलेलं असेल तर चिठ्ठी लिहा आणि ती देवापुढे ठेवा. समोरच्यानं दार लावून घेतलं तर परत या, तुमचं काम झालं. पण एक नीट ऐका. कुणी तुम्हाला मारत असेल, दारू पिऊन अंगावर येत असेल, मुलांना छळत असेल, तर समेट म्हणजे तिथे परत जाऊन मार खाणं नव्हे. मनातून क्षमा करायला वेळ लागू द्या, आणि तोवर सुरक्षित ठिकाणी राहा. भाऊ, आई, पोलीस, भरवशाचे पाळक, ज्याची मदत लागेल ती घ्या. "सहन कर, देव बघेल" असं सांगणाऱ्याला मी देवाचा माणूस म्हणत नाही.

काही दिवस कोरडे जातील, हेही सांगून ठेवते. दहा मिनिटं बसाल आणि भिंतीकडे बघत उठाल. शेजारची बहीण प्रार्थनेत रडते, तिला स्वप्नं पडतात, आणि तुम्हाला काहीच नाही. तिच्याशी तुलना करू नका. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली पुस्तकरूपानं आली तेव्हा जग चकित झालं. कित्येक वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. तरी त्या रोज पहाटे चॅपेलमध्ये बसल्या आणि मग कोलकात्याच्या रस्त्यावर गेल्या. जाणवणं आणि असणं यात फरक आहे. ढग आले म्हणून सूर्य घर सोडून जात नाही.

पण कोरडेपणा आणि आजार यांची गल्लत करू नका. झोप उडाली असेल, अन्न गोड लागत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर ते घरात कुणालातरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवानं त्याला आधी उपदेश केला नाही. झोपू दिलं. देवदूतानं उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला दिलं. बोलणं नंतर झालं. थकल्या जिवाला आधी काय लागतं हे देवाला कळतं.

आणि ज्यांना हे कळत नाही अशांपासून सांभाळा. हजारो रुपये भरा म्हणजे देव प्रसन्न होईल. ही तेलाची बाटली घ्या. गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा. असं कुणी म्हटलं की उठून या. रक्तदाबाची, साखरेची, मनाच्या आजाराची, कुठलीच गोळी प्रार्थनेसाठी सोडू नका. गोळी घेताना आभार माना, तीही प्रार्थनाच. देवाच्या ओळखीसाठी मध्ये दलाल लागत नाही, आणि कर्ज काढून दान द्यायला त्यानं कधी सांगितलं नाही. विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट सांगून कुणी तुमचं मंगळसूत्र मागत असेल, तर त्याच प्रसंगाआधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्यांवर किती संतापला होता तेही वाचा.

मुलांविषयी सगळ्या आया विचारतात. मी एवढंच सांगते की त्यांना जबरदस्तीनं बसवू नका. तुम्ही बसता ते त्यांना दिसू द्या. तुम्ही चुकला तर त्यांच्यासमोर माफी मागा. रात्री जेवताना प्रत्येकाला विचारा, आज कुणासाठी प्रार्थना करायची? पोरगा म्हणेल, वर्गातल्या अमक्यासाठी, त्याचे बाबा दवाखान्यात आहेत. मग त्यालाच करू द्या. दोन वाक्यांत होईल. दुरुस्त करू नका.

एक लहान वही ठेवा. कुणासाठी काय मागितलं ते तारखेसह लिहा. महिन्यानं मागे वळून बघा. काही मिळालेलं असेल, काही नाही. जे मिळालं नाही त्यावर काट मारू नका. माझ्या वहीत एका माणसाचं नाव अकरा वर्षं आहे. अजून रोज घेते.

मंडळी सोडू नका. एकट्यानं पेटलेलं लाकूड लवकर विझतं, चूल पेटवणारीला हे सांगायला नको. मिस्सा असो वा उपासना, जिथे जाता तिथे जा. भाषण कंटाळवाणं झालं तरी जा. गीत गाताना शेजारचीचा बेसूर आवाज ऐकू आला तर ऐका, तीही आठवडा ढकलूनच आली आहे.

उद्या सकाळी आधण ठेवलंत की पाच मिनिटं स्टूलवर बसा आणि घरात काय चाललंय ते त्याला सांगा. येत्या रविवारी उपासना सुटली की पायऱ्या उतरायची घाई करू नका. कुणीतरी एकटी आजी कठड्याला धरून उभी असेल. तिचा हात धरा, आणि तिचं घर येईपर्यंत तिला बोलू द्या.